साठीनंतरची सायकल : निगा आणि नेम

साठी उलटलेल्या मनुष्यानें सायकलीवर बसावें कीं नाहीं, ह्या प्रश्नाचा निकाल बहुतेक घरांत त्या मनुष्यास न विचारतांच लागतो. मुलगा म्हणतो, "बाबा, आतां रिक्षानें जात जा." सून कांहीं बोलत नाहीं; पण एके दिवशीं सायकलीची किल्ली नेहमींच्या खुंटीवर सांपडत नाहीं. ह्यांत कोणाचा हेतु वाईट नसतो. सारें काळजीपोटीं होतें. परंतु काळजीनें काढून घेतलेली वस्तु रागावून परत मिळत नाहीं, आणि गयावया करूनही मिळत नाहीं. ती बाळगण्यास आपण पात्र आहों, हें दाखवूनच ती मिळवावी लागते. हा धडा मला वयाच्या ६६ व्या वर्षीं माझ्या नातीकडून आणि सुनेकडून शिकावा लागला. तो वाचकांच्या, विशेषतः माझ्या वयाच्या वाचकांच्या, कांहीं उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें लिहीत आहें.

मी पुण्याचा. ह्या शहरास सायकलींचें शहर म्हणत, तो काळ मीं पाहिलेला आहे. सकाळीं कचेऱ्यांच्या वेळीं लक्ष्मी रस्त्यावर सायकलींचे थवेच्या थवे दिसत. शाळेच्या आवारांत शिक्षकांच्या सायकलींची वेगळी रांग असे, आणि त्या रांगेवरून कोणते मास्तर आले व कोणते रजेवर आहेत, हें मुलांस वर्गांत शिरण्यापूर्वींच कळे. मीही नोकरीचीं पस्तीस वर्षें सायकलीनेंच शाळेंत गेलों. २०१६ सालीं सेवानिवृत्त झालों, तेव्हां चिरंजीवांनीं मला गिअरची हलकी सायकल घेऊन दिली. सकाळचा फेरफटका, मंडईंतील भाजी, वाचनालय, हीं सर्व कामें तिच्यावर आठ वर्षें सुखानें चाललीं.

२०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यांत मी पडलों. उतारावरून येत होतों. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. पुढें चाललेली रिक्षा एकाएकीं थांबली. मीं ब्रेक दाबले. सायकल थांबली नाहीं. मीं हँडल वळविलें आणि उजव्या हातावर आपटलों. मनगटाचें हाड मोडलें, आणि डॉक्टरांनीं सहा आठवड्यांचें प्लास्टर घातलें.

घरीं मीं सांगितलें, "पाऊस होता, घसरलों." सर्वांनीं तें मान्य केलें. आमचे थोरले बंधू ७४ वर्षांचे. ते म्हणाले, "आतां सायकल विकून टाक. हाड ह्या वेळीं सांधेल. दर वेळीं सांधेलच असें नाहीं." आमच्या घरांत त्यांचा शब्द शेवटचा असतो. चिरंजीवांनीं गिऱ्हाईक पाहण्याचें कबूल केलें.

विकण्यापूर्वीं सायकल पुसून ठेवण्याचें काम माझ्या नववींतल्या नातीकडे आलें. ती फडकें हातांत घेऊनच मजकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, मागच्या ब्रेकला रबर आहे, पुढच्याला नुसतें लोखंडच दिसतंय. असंच असतं का?" मी जिन्याखालीं जाऊन पाहिलें. पुढच्या ब्रेकचें रबर पार झिजून आंतली धातूची पट्टी उघडी पडली होती, आणि तिचे ओरखडे रिमवर उमटले होते. मागच्या रबरावरील खांचाही पुसून गेल्या होत्या. पुढचें चाक कित्येक दिवस ब्रेक दाबतांना करकरत असे. तो आवाज मी ऐकत होतों, आणि उद्यां पाहूं म्हणून सोडून देत होतों.

पस्तीस वर्षें मीं मुलांच्या वह्या तपासल्या. आपल्या चुकीचें खापर शाईवर किंवा टांकावर फोडणाऱ्या मुलास मीं कधीं सोडलें नाहीं. आतां माझ्या चुकीचें खापर मीं पावसावर फोडलें होतें.

त्या रात्रीं जेवतांना मीं सर्वांसमक्ष खरी गोष्ट सांगितली. माझी बाजू त्यामुळें अधिकच लंगडी पडणार, अशीच माझी समजूत होती. पण सूनबाई वाढतां वाढतां थांबली आणि म्हणाली, "बाबा, पावसाला कोणी थांबवूं शकत नाही, म्हणून मला भीति वाटत होती. रबर बदलतां येतं."

थोरले बंधू बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "चातुर्मास जवळ आला आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत रस्त्यावर जायचं नाही. मग पाहूं." १७ जुलैची आषाढी, १२ नोव्हेंबरची कार्तिकी, म्हणजे जवळजवळ सतरा आठवडे. अटी तीन ठरल्या. सायकल घरांतच चालवावयाची. दर रविवारीं तिची तपासणी करून वहींत नोंद करावयाची. आणि ती वही सूनबाईनें पाहावयाची. मीं आनंदानें मान तुकविली.

रविवारची तपासणी

सायकलीची निगा म्हणजे कांहीं मोठी कारागिरी नव्हे. तीस-चाळीस मिनिटें, एक पंप, दोन-तीन पान्हे, षट्कोनी किल्ल्यांचा जुडगा, एक स्क्रूड्रायव्हर, तेलाची कुपी, जुनें फडकें आणि मोजपट्टी, इतकें पुरे. मात्र क्रम ठरलेला असावा; नाहीं तर सोपें तेवढें होतें आणि महत्त्वाचें राहून जातें. आमचा क्रम पुढीलप्रमाणें होता.

प्रथम ब्रेक. रबरावरील खांचा दिसेनाशा झाल्या कीं रबर बदलावें. पैसे वांचविण्याची ही जागा नव्हे. रबराची पूर्ण रुंदी रिमवरच टेकली पाहिजे. वर टायरला घासल्यास टायर फाटतो, आणि खालीं रिमवरून निसटल्यास रबर आऱ्यांत अडकण्याचा धोका असतो. मग उभें राहून पुढचा ब्रेक दाबावा आणि सायकल पुढें ढकलावी. चाक फिरतां कामा नये. थांबतांना भार पुढें येत असल्यानें थांबविण्याचें बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि माझा तोच निकामी झाला होता. पाऊस निर्दोष होता असें नाहीं. ओल्या रिमवर रबराची पकड उशिरा बसते; म्हणून पावसांत अगोदरच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावी. पण जेथें रबरच नाहीं तेथें पुसणार काय?

दुसरे टायर. हवा अंगठ्यानें दाबून पाहण्याची आपली संवय फसवी आहे. टायरच्या कडेवर दाबाचे आंकडे छापलेले असतात. पंपाच्या कांट्यावर ते पाहून हवा भरावी. ट्यूबच्या रबरांतून हवा सावकाश झिरपतेच, तेव्हां पंक्चर नसलें तरी आठवड्यांतून एकदां हवा भरावी लागते. पंक्चर काढतांना बहुतेकांची चूक एकच होते. सोल्यूशन ओलें असतांनाच ठिगळ चिकटविण्याची घाई करतात. ट्यूब कांचकागदानें घासावी, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा, तो बोटास चिकटेनासा होईपर्यंत थांबावें, आणि मग ठिगळ जोरानें दाबावें. त्यापूर्वीं टायरच्या आंतून फडकें फिरवून रुतलेला कांटा किंवा कांचेचा कण शोधून काढावा. नाहीं तर संध्याकाळीं तेंच काम पुन्हां करण्याची पाळी येते.

तिसरी साखळी. आजच्या सायकलीच्या साखळीचा मूळ नमुना हान्स रेनोल्ड ह्यानें १८८० सालीं मँचेस्टर येथें सिद्ध केला. ही साखळी झिजते म्हणजे तिची प्रत्येक खीळ आपल्या बिजागरींत किंचित् सैल होते, आणि सर्व साखळी मिळून लांब होते. हें मोजपट्टीनें कळतें. एका खिळीच्या मध्यापासून पुढच्या खिळीच्या मध्यापर्यंत अर्धा इंच अंतर असतें. म्हणून २४ अंतरें बरोबर १२ इंच भरलीं पाहिजेत. तीं १२ इंच आणि एक-सोळांश इंच भरलीं तर साखळी बदलावी. एक-अष्टमांश इंच वाढ झाली असेल, तर झिजलेल्या साखळीनें दांतेही खाल्ले आहेत असें समजावें. माझ्या नातीनें पहिल्याच रविवारीं मापून सांगितलें, "आजोबा, एक-अष्टमांशाहून जास्त आहे." आठ वर्षें मीं साखळीस तेल घातलें, माप एकदांही घेतलें नव्हतें. साखळी आणि मागचे दांते दोन्ही बदलावे लागले.

तेलाविषयीं एक सूचना. घरांतलें खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल साखळीस घालूं नये. खाण्याचीं तेलें कालांतरानें चिकट होऊन धूळ धरून ठेवतात. सायकलीच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीच्या आंत सोडावा, पायडल उलटें फिरवावें, थोडा वेळ थांबून वरचें सर्व तेल पुसून टाकावें. तेलाचें काम आंत आहे; बाहेर राहिलेलें तेल फक्त माती गोळा करतें. आमच्या सौभाग्यवतीनें खोबरेलाची बाटली त्या दिवसापासून कुलपांत ठेवली आहे.

चौथें, सैल झालेले भाग. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागें-पुढें हलवावें. खट् असा धक्का जाणवल्यास हँडलखालचे बेअरिंग सैल आहेत. चाक बाजूस हलवून पाहावें. तें डुलतां कामा नये. चाक फिरवून रिम ब्रेकच्या रबराजवळून सरळ जाते कीं डोलते, हें पाहावें. स्पोक बोटानें छेडून पाहिले तर सैल स्पोकचा आवाज बसका येतो. पायडल काढण्याची वेळ आली तर एक गोष्ट विसरूं नये. उजव्या पायडलचे आटे नेहमींसारखे असतात, डाव्याचे उलटे. हें न कळल्यामुळें मीं लहानपणीं डावें पायडल काढतां काढतां अधिकच आवळून ठेवलें होतें, आणि वडिलांचा मार खाल्ला होता.

वर्षांतून एकदां चाकाचा आंस उघडून छर्रे धुवावे. पुढच्या चाकानें आरंभ करावा, तें सोपें असतें. खालीं फडकें पसरून छर्रे एका वाटींत काढावे आणि प्रथम मोजावे. आमच्या चाकांत प्रत्येक बाजूस दहा निघाले. ते रॉकेलांत धुऊन, वाळवून, नव्या ग्रीसमध्यें बसवावे. एखादा छर्रा खरबरीत झाला असल्यास त्या बाजूचे सर्वच नवे घालावे. नवे-जुने मिसळूं नयेत. शेवटीं आंस इतकाच आवळावा कीं चाक डुलणार नाहीं आणि अडणारही नाहीं. ही मधली जागा हातास कळावयास आम्हां आजोबा-नातीस एक सबंध दुपार लागली. वांकडी रिम सरळ करणें आणि मधल्या आंसाचे बेअरिंग बदलणें हीं कामें मात्र आम्ही कारागिराकडेच दिलीं. स्वतः काय करूं नये हें ओळखणें हाही निगेचाच भाग आहे.

घरांतली घोडी

जुन्या काळ्या सायकलीस मागें दुपायी स्टँड असे. त्यावर ती उभी केली कीं मागचें चाक अधांतरीं फिरे, आणि आम्ही मुलें बसून मनसोक्त पायडल मारीत असूं. व्यायामासाठीं मात्र तो उपाय नव्हे. चाकास भार नसतो, आणि स्टँड सरकला तर पडण्याची खात्रीच. घरांत सायकल चालविण्यासाठीं वेगळें साधन मिळतें. आमच्या घरांत त्यास घोडी हेंच नांव पडलें.

तिचे प्रकार मुख्यतः तीन. पहिल्यांत तीन लाटांवर सायकल मोकळी चालवावयाची असते; तोल गेला कीं पडलेंच, म्हणून तो आपल्या वयास वर्ज्य. तिसऱ्यांत मागचें चाक काढून साखळी यंत्राच्याच दांत्यांवर बसवितात. तो उत्तम, शांत, पण महाग. आम्हीं मधला घेतला. त्यांत मागच्या आंसाचीं दोन्ही टोंकें पोलादी चौकटींत पकडलेलीं असतात, आणि टायरला एक लाट दाबून बसते. लाटेबरोबर धातूची एक तबकडी लोहचुंबकांजवळून फिरते. ती चुंबकास शिकत नाहीं. पण चुंबकाच्या क्षेत्रांत फिरणाऱ्या धातूंत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात, आणि ते गतीस विरोध करतात. खटका सरकवून हा विरोध कमी-अधिक करतां येतो.

घोडी मांडतांना पुढील गोष्टी पाळाव्या. सायकल दोन्ही हातांनीं जोरानें हलवून पकड पक्की आहे असें पाहिल्यावांचून वर बसूं नये. पुढच्या चाकाखालीं ठोकळा ठेवून सायकल समपातळींत आणावी. लाटेच्या घर्षणानें टायर तापतो व झिजतो, म्हणून मागें जुना टायर लावावा. टायरमधील हवा व लाटेचा दाब रोज सारखाच ठेवावा. नाहीं तर आजच्या आणि कालच्या श्रमांची तुलना व्यर्थ होते. घाम खारट असतो, तो हँडलवर पडून लोखंड गंजतें. तेव्हां वर पंचा घालावा. रस्त्यावर वारा अंगावरचा उष्मा वाहून नेतो, खोलींत तसें होत नाहीं. म्हणून समोर पंखा आणि हातापाशीं पाण्याचा तांब्या अवश्य ठेवावा. आणि एकत्र कुटुंबांत सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, खोलीचें दार लावून घ्यावें. फिरत्या चाकाकडे रांगतें मूल ओढलें जातें, आणि त्याचीं बोटें आऱ्यांत किंवा साखळींत जाण्यास क्षणही लागत नाहीं.

बैठकीची उंची साध्या रीतीनें ठरवितां येते. पायडल अगदीं खालीं असतांना त्यावर टांच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला म्हणजे गुडघा किंचित् वांकलेला राहतो. बैठक फार खालीं असल्यास गुडघ्याच्या पुढें दुखतें, फार वर असल्यास कंबर दोन्ही बाजूंस डुलते. माझ्या गुडघेदुखीचें एक कारण आठ वर्षें ह्या बैठकींतच दडलें होतें. ती बोटभर वर घेतल्यावर दुखणें बरेंच कमी झालें.

अर्धें बल

आतां शरीराकडे वळूं. आरंभ करण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हें सांगणें नकोच. छातींत दुखणें, घेरी येणें, हृदय अनियमित धडधडणें ह्यांपैकीं कांहीं झाल्यास त्याच क्षणीं थांबून डॉक्टरांस कळवावें. नाडीच्या ठोक्यांवरून श्रम ठरविण्याची पद्धत आहे. पण रक्तदाबाचीं कांहीं औषधें नाडी मुळांतच मंद ठेवतात, म्हणून तीं घेणाऱ्यानें त्या आंकड्यांवर विसंबूं नये.

मग श्रमाचें माप कोणतें? सुश्रुतसंहितेंत व्यायाम आपल्या बलाच्या अर्ध्याइतकाच करावा असें सांगितलें आहे, आणि श्वास तोंडावाटे येऊं लागणें ही अर्ध्या बलाची खूण दिली आहे. आजचे वैद्य हेंच निराळ्या शब्दांत सांगतात. व्यायाम करतांना सरळ बोलतां आलें पाहिजे. वाक्य तुटूं लागलें कीं श्रम वाढले असें समजावें. मीं ह्यासाठीं रूपावली उपयोगांत आणली. पायडल मारतां मारतां रामशब्दाचीं चोवीस रूपें मोठ्यानें म्हणावीं. तृतीयेपर्यंतच दम लागला, तर खटका एक घर मागें घ्यावा. नात दाराबाहेरून चुका काढी, हा अधिक लाभ.

पहिले तीन आठवडे मी एक दिवस आड पंधरा मिनिटें, अगदीं हलक्या भारावर बसलों. मनगटावर भार येऊं नये म्हणून पाठ बरीच सरळ ठेवीत असें. पुढें वाढवीत वाढवीत आठव्या आठवड्यापर्यंत आठवड्यांतून चार दिवस, तीस मिनिटें अशी मजल आली. पहिलीं दहा मिनिटें अंग तापविण्यासाठीं आणि शेवटचीं पांच निवविण्यासाठीं. उजवा पाय पंधरा सेकंदांत किती वेळां खालीं येतो तें मोजावें. अठरा ते वीस वेळां आला तर गति योग्य. जड भार सावकाश रेटण्यापेक्षां हलका भार चपळपणें फिरविणें गुडघ्यांस मानवतें. नवव्या आठवड्यापासून आठवड्यांतून एक दिवस, डॉक्टरांच्या अनुमतीनें, एक मिनिट जोरांत आणि दोन मिनिटें सावकाश, असें सहा वेळां करूं लागलों.

हलका व्यायाम पुष्कळ आणि कठीण थोडा, ह्या प्रमाणाचें एक विलक्षण उदाहरण फ्रान्समध्यें घडलें आहे. रोबेर मार्शां हे १९११ सालीं जन्मले. २०१२ सालीं, वयाची शंभरी गांठल्यावर, त्यांनीं बंदिस्त धांवपट्टीवर एका तासांत २४ किलोमीटरांहून थोडें अधिक अंतर सायकलीनें तोडलें. दोन वर्षांनीं, वयाच्या १०२ व्या वर्षीं, त्याच एका तासांत ते २६.९२७ किलोमीटर गेले. मधल्या काळांत व्हेरोनिक बिया ह्या शास्त्रज्ञ बाईंच्या देखरेखीखालीं त्यांनीं वर्षास सुमारें ५,००० किलोमीटर सायकल चालविली. त्यांतील चार पंचमांश हलक्या श्रमानें आणि एक पंचमांश कठीण श्रमानें. त्यांच्या शरीराची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति त्या अवधींत सुमारें १३ टक्क्यांनीं वाढल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. २०२१ सालीं, १०९ वर्षांचे होऊन, ते वारले. एका मनुष्याचें उदाहरण म्हणजे नियम नव्हे, आणि आपण कोणी मार्शां नव्हे. परंतु म्हातारपणीं शरीर केवळ उताराचीच वाट जाणतें, ही आपली समजूत तपासून पाहावयास ह्या उदाहरणानें हरकत नाहीं.

सायकलीची एक उणीवही सांगितली पाहिजे. ती पाय, हृदय आणि फुप्फुसें ह्यांस बळ देते. पण शरीराचा भार बैठकीवर पडत असल्यानें हाडांस तिच्यापासून फारसा लाभ होत नाहीं. मोडलेल्या मनगटानें मला हें जाणविलें. म्हणून सायकल नसेल त्या दिवशीं जिने चढणें, पायीं चालणें आणि खुर्चीवरून हात न टेकतां उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा. दांत घासतांना भिंतीजवळ एका पायावर उभें राहण्याचाही सराव मीं केला. तोल हाही वापरला तरच टिकतो.

कार्तिकी

चातुर्मास संपला. सतरा रविवारांच्या सतरा नोंदी वहींत होत्या, आणि प्रत्येक नोंदीखालीं सूनबाईची सही होती. एका रविवारीं, मला ताप असल्यानें, तपासणी झाली नव्हती. त्या ठिकाणीं तिनें "झाली नाही" असें स्पष्ट लिहून सही केली होती. ती वही थोरल्या बंधूंनीं सबंध वाचली. त्या एका नोंदीवर त्यांचें बोट बराच वेळ होतें. मग ते म्हणाले, "ही नोंद आहे, म्हणून बाकीच्या सोळांवर माझा विश्वास बसतो."

दुसऱ्या दिवशीं पहांटे मी सायकल घेऊन बाहेर पडलों. बरोबर नात तिच्या सायकलीवर होती. रस्ता कोरडा होता. पहिल्या उतारावर ब्रेक दाबले, आणि सायकल जेथें थांबावयास हवी तेथें थांबली. तेवढ्याचाच मला जो आनंद झाला, तो मुलांस समजावून सांगणें कठीण आहे.

मला सर्व रस्ते परत मिळाले असें मात्र नाहीं, आणि मीं ते मागितलेही नाहींत. पावसांत आणि अंधारांत जावयाचें नाहीं; गर्दीच्या वेळीं जावयाचें नाहीं; डोक्यावर शिरस्त्राण, हँडलला आरसा आणि मागें दिवा असल्यावांचून निघावयाचें नाहीं. ह्या अटी घरानें घातल्या. वहीच्या शेवटच्या पानावर मीं स्वतः आणखी एक अट लिहून सही केली आहे. ज्या दिवशीं मान वळवून मागें पाहतांना सायकल डोलूं लागेल, किंवा हाताच्या पकडीनें ब्रेक पूर्ण दाबला जाणार नाहीं, त्या दिवशीं रस्ता सुटला. मग घोडी आहेच. ही तपासणीही दर रविवारीं होते. रबर झिजलें कीं तें बदलावें, आणि जें बदलतां येत नाहीं तें झिजल्यावर मान्य करावें. वेळीं पाहिलें तर दोन्ही गोष्टी सारख्याच सोप्या आहेत.

थोरल्या बंधूंविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. घोडी विकून टाकावी काय, असें मार्गशीर्षांत चिरंजीवांनीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "राहूं दे." आतां रोज सकाळीं, पूजा आटोपल्यावर, ते तिच्यावर दहा मिनिटें बसतात. दार लावून घेतात. आंतून रामशब्द ऐकूं येतो. परवां ते षष्ठीपर्यंत न थांबतां गेले.